वाड्याला थर्ड क्लास

आमचा वाडा महापालिकेच्या वारसा यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या यादीत, जावा ही कल्पना माझी. घरातल्या बाकी कोणाचाही तिच्यात हात नाही, हे ते सगळे न विचारता सांगतात. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण आमची फाइल अजून तिथल्याच टेबलावर आहे.

कारण साधं होतं. नव्या विकास आराखड्यात समोरचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि रुंदीची रेघ बरोबर आमच्या ओटीवरून, अण्णाकाकांच्या आरामखुर्चीखालून जात होती. मुंबईनं १९९५ साली देशात पहिल्यांदा वारसा वास्तूंसाठी नियम केले. रस्तारुंदीची रेघ आखताना अशा वास्तूला बाध येऊ देऊ नये, असं त्यात म्हटलेलं आहे. पुढं २०२० च्या डिसेंबरात मुंबई आणि काही भाग सोडून राज्याला लागू होणारी एकत्रित नियमावली आली, तिच्यातही वारसा जतनाचं प्रकरण आहे. मी दोन्ही वाचून काढल्या. घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी काही वाचतंय म्हणून आत्यानं न मागता चहा दिला.

अर्जाला पहिली अट मालकीची. मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबाच मालक होते आणि त्यांना जाऊन जमाना झाला होता. टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "वारसा यादीत जायचं ना? मग आधी वारस लावून आणा." वारस लावायला घेतले तेव्हा कळलं की आम्ही बरेच आहोत. नागपूरला आहोत, बडोद्याला आहोत, न्यू जर्सीला तर दोन शाखा आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. सगळ्यांना संमतीपत्राचा नमुना पाठवला. हिंजवडीच्या चुलतभावाचं उत्तर सर्वांत आधी आलं: "दादा, यात प्रत्येकी किती बीएचके सुटतात?"

एकही सुटत नाही हे त्याला सांगायचं धैर्य होईना, म्हणून मी टीडीआर समजावला. जुनं घर राखल्यामुळं जागेवर जे बांधकाम करता येत नाही, त्याचा हक्क नियमात बसला तर दुसऱ्याला विकता येतो आणि तो त्यावर दुसरीकडे मजले चढवतो. अण्णाकाका आरामखुर्चीतून उठून बसले.

"म्हणजे आपण न बांधलेले मजले विकायचे?"

"हो काका."

"मग त्रेसष्ट सालापासून मी परसात न्हाणी बांधायची म्हणतोय. तीही घाल त्यात."

पाहणीला एक वास्तुविशारद मुलगी आली. इतकी वर्षं पाहुण्यांपुढे आम्ही ज्या-ज्या गोष्टींबद्दल ओशाळत होतो, ती नेमकी त्यांनाच भुलत होती. छताचा काळवंडलेला कडीपाट बघून ती थबकली. कपाळमोक्ष करणाऱ्या बुटक्या चौकटीचे तिनं चार बाजूंनी फोटो काढले. ज्या सुरूच्या खांबाला आत्या गेली चाळीसेक वर्षं ओलं फडकं वाळत घालते, त्याची घडण तिनं आम्हाला उलगडून सांगितली आणि फडकंही हळूच बाजूला केलं. आत्यानं ते परत घातलं. भिंतीचा एक पोपडा हातात घेऊन ती म्हणाली, "हा घाण्यात मळलेला चुना आहे. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून करायचे. यावर सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून फुगते. हे सिमेंट कोणी लावलं?" अण्णाकाकांना त्याच क्षणी वाण्याकडचं काहीतरी आठवलं आणि ते पिशवी न घेताच बाहेर पडले.

मग विषय निघाला वयाचा. आत्यानं पदर सावरून सांगितलं, "सवाई माधवराव जेवून गेलेत आमच्याकडे. माजघरात. पुरणपोळी होती." हा मेनू आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, त्यात कटाची आमटीही असायची. मुलगी शिडीवर चढली, दिवाणखान्याच्या मधल्या तुळईवरचा पिस्ता रंगाचा ऑइलपेंट तिनं जपून खरवडला आणि खालून अक्षरं आली: शके १७८९. म्हणजे इसवी सन १८६७. पेशवाई संपली १८१८ ला, आणि सवाई माधवराव तर त्याच्याही आधी, १७९५ ला गेले. आत्यानं दोन्ही सनावळ्या शांतपणे ऐकून घेतल्या. "असेल," ती म्हणाली. "तुळई नंतर बदलली असेल. जेवण आधीच झालं होतं."

हे सगळं मार्गी लागत होतं तोच पावसाळा जवळ आला. आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीला आंबे, पापड आणि धोकादायक इमारतीची नोटीस एकदमच येते. यंदाही महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली दिंडी दरवाजावर कागद चिकटला: इमारत सी-१ वर्गात, तातडीनं रिकामी करून पाडून टाकावी. त्याच आठवड्यात त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खात्याचं पत्र आलं: प्रस्तावित वारसा वास्तूच्या कोणत्याही भागाला लेखी परवानगीशिवाय हात लावू नये. मी दोन्ही कागद घेऊन गेलो. तळमजल्यावरचे साहेब म्हणाले, न पाडल्यास कारवाई होईल. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, पाडल्यास होईल. एकमेकांशी बोलता का, असं मी विचारलं. "पत्रव्यवहार होतो," वरचे म्हणाले. जिना मधेच होता. खालच्या खोलीतल्या भाडेकरू काकू, ज्या भाडे नियंत्रणाच्या कृपेनं महिना बावीस रुपये देतात, त्यांना मात्र दोन्ही पत्रं पसंत पडली. कोण जिंकतंय ते ठरेपर्यंत आपल्याला कोणी हलवत नाही, हा त्यांचा कायद्याचा अभ्यास माझ्यापेक्षा पक्का निघाला.

शेवटी आम्ही स्ट्रक्चरल ऑडिट करवलं. अभियंत्यानं मागच्या पडवीच्या दोन कड्या बदला म्हणून सांगितलं आणि घर सी-२ ब मध्ये नेलं, म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती. सी-१ मधून सुटलो म्हणून पेढे वाटले. भाडेकरू काकूंनी ते जरा नाइलाजानंच घेतले.

हरकती-सूचनांच्या सुनावणीला एकच हरकत आली. हिंजवडीहून. चुलतभाऊ माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला आणि "दादा, पर्सनली घेऊ नकोस" म्हणून माझ्याच पेनानं त्यानं हजेरीपटावर सही केली. समितीनं दोघांचंही ऐकलं आणि वाडा यादीत घेतला. श्रेणी तीन.

घरी सांगितलं तर आत्या खुर्चीत मट्कन बसली. "तिसरी? आपल्या घराण्यात आजवर कोणाला थर्ड क्लास मिळाला नाही." मी समजावलं की पहिल्या श्रेणीत आत-बाहेर जवळजवळ काहीच करता येत नाही, दुसरीत आतले फेरफार चालतात, आणि तिसरीत सर्वांत जास्त मोकळीक असते. आपल्याला राहायचंय, तर तिसरीच सोयीची. तिला ते अजिबात पटलं नाही. अर्ज फेरतपासणीला देता येतो का, असं तिनं विचारलं.

रस्त्याच्या रेघेवर अजून निर्णय व्हायचाय, पण जून काही थांबत नाही. परवाच्या वळवात पुढच्या बाजूची कौलं फुटली. परवानगीचा अर्ज टाकला, तो समितीच्या पुढच्या बैठकीत येईल. तोवर ताडपत्री घालू का, म्हणून विचारायला गेलो. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

"दर्शनी भाग आहे. निळी विसंगत दिसेल. कौलाच्या रंगाची मिळते का बघा."

बाजारपेठेत सगळीकडे फिरलो. निळी आहे, काळी आहे, आणि निवडणुकीतल्या मंडपाची उरलेली, उमेदवाराच्या फोटोसकट एक आहे. अण्णाकाकांचं मत, तीच घालावी. तिच्यावर हरकत घ्यायची कोणाची छाती होणार नाही.