दोडक्यातली अळी, मिरचीचा मुरडा आणि झाकणभर औषध

दादा,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुम्ही लिहिलंय की परड्यातल्या किडीवरचा माझा लेख वाचून कडुलिंबाचा पाला उकळला, ते पाणी मिरचीवर आणि दोडक्यावर मारलं, काही फरक पडला नाही. मग दुकानातून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आणलं, झाकणभर पंपात ओतलं, आठ दिवसांत मिरची हिरवीगार झाली. दोडका मात्र किडकाच राहिला. आणि शेवटी विचारलंय, "रान कसणारे आम्ही काय खुळे आहोत? मित्रकीटक वगैरे पुस्तकातल्या गोष्टी बेळगावात बसून सांगायला सोप्या आहेत."

रान कसणारा खुळा नाही. एकरभर टोमॅटोवर कर्ज काढलेला माणूस प्रत्येक पान उलटून बघू शकत नाही, आणि त्यानं काय मारावं हे सांगायला मी तो लेख लिहिलेला नाही. माझं बोलणं परड्यापुरतं आहे. दहा-बारा मिरचीची झाडं, मांडवावर एक दोडका, कुंपणाला घेवडा, पोकळ्याचा एक वाफा. इथं हिशेब वेगळा लागतो, कारण इथली भेंडी आपण एका दिवसाआड तोडतो आणि तोडलेली त्याच दुपारी कढईत जाते.

आधी पाल्याचं. लेखात निंबोळी अर्क होता, पाल्याचा काढा नव्हता, आणि हा फरक मोठा आहे. किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवणारं ॲझाडिरेक्टिन मुख्यतः बियांच्या गरात असतं, पानात फार कमी. त्यात ते उष्णतेनं आणि उन्हानं लवकर नासतं. म्हणून वाळलेल्या निंबोळीच्या गराची पूड लिटरला 50 ग्रॅम घ्यायची, रात्रभर थंड पाण्यात भिजवायची, फडक्यानं गाळायची, पानाला चिकटावं म्हणून थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि ऊन उतरल्यावर पानाच्या खालून मारायचं. आठ-दहा दिवसांनी परत. हे औषध कीड तडकाफडकी मारत नाही, तिची वाढ रोखतं. आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात झड लागली की संध्याकाळी मारलेलं सकाळपर्यंत धुऊन जातं. चार दिवस उघडीप नसेल तर निंबोळी वाया घालवू नका. खानापूरच्या बाजूला तर कडुलिंब शोधावा लागतो, गोकाक-अथणीकडे तो बांधाबांधावर दिसतो. तिकडचे पाहुणे येणार असतील तर निंबोळ्या मागवून, वाळवून ठेवा.

आता मिरची. ती हिरवी झाली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पान वरच्या बाजूला, होडीसारखं वळलं असेल तर बहुतेक फुलकिडे असतात आणि इमिडाक्लोप्रिड त्यांच्यावर चालतं. पण पान खाली वळलं असेल, देठ लांबला असेल, तर तो कोळ्याचा मुरडा. कोळी हा कीटकच नव्हे, आठ पायांचा जीव. त्याच्यावर हे औषध चालत नाही, तिथं पाण्यात मिसळणारं गंधक लागतं. दोन्हीला आपण 'मुरडा पडला' म्हणतो आणि दुकानदार दोन्हीला तीच बाटली देतो. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून बघा. पिवळसर, लांबट, सुईच्या टोकाएवढे किडे पळताना दिसले तर फुलकिडे. कोळी नुसत्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्याला भिंग लागतं.

माझी खरी काळजी त्या झाकणाची आहे. बाटलीसोबतची घडी घातलेली चिठ्ठी उघडून वाचा. त्यात पिकांची नावं असतात आणि प्रत्येकापुढं शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते असतं. 17.8 टक्केवाल्या इमिडाक्लोप्रिडला टोमॅटोसाठी 3 दिवस सांगितलेत, मिरचीसाठी 40. चाळीस दिवस, दादा. परड्यातली मिरची चाळीस दिवस न तोडता कोण ठेवतं? दोडक्याचं तर त्या यादीत नावच नाही. आणि हे औषध आंतरप्रवाही आहे, झाडाच्या रसात भिनतं, म्हणून मिठाच्या पाण्यात भाजी धुऊन ते निघत नाही. मात्रा हेक्टरच्या हिशेबात दिलेली असते, तिथं झाकणभर म्हणजे किती हे कुणालाच ठाऊक नसतं. घरात बारकी पोरं आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी एकांनी तंबाखूचं पाणी सुचवलंय. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूला तोटा नाही, पण हा सल्ला मानू नका. किड्याच्या मज्जातंतूत निकोटीन जिथं जाऊन बसतं, तिथंच इमिडाक्लोप्रिड बसतं. म्हणजे तंबाखूचं पाणी हे त्याच जातीचं विष, फक्त मोजमाप नसलेलं, आणि माणसाच्या कातडीतूनही आत शिरणारं. शिवाय वाळल्या तंबाखूच्या पानातही मोझॅकचा विषाणू टिकून राहतो आणि तो टोमॅटो-मिरचीला लागतो. घरचं, झाडपाल्याचं म्हणून सौम्य, असं धरून चालू नका.

दोडका का सुधारला नाही, याचं उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. "फुल गळून बोटाएवढा झाला की वाकडा होतो, डिंकासारखा थेंब येतो, कापलं की आत पांढऱ्या अळ्या." ही फळमाशी. मादी कोवळ्या फळाला सुईनं टोचावं तशी टोचून आत अंडी घालते. अळ्या गरात वाढतात, फळ सडून पडलं की बाहेर येऊन मातीत शिरतात, तिथं कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन निघतात. तुमचा पंप पानावर चालला होता. अळी फळात होती, कोष मातीत होता आणि नवी माशी शेजारच्या कारल्यावरून येत होती. उलट फुलावर बसणाऱ्या मधमाशीला मात्र ते औषध लागलं असणार, आणि तिच्यावाचून दोडका धरत नाही.

इथं हातच कामाला येतो. टोचलेलं प्रत्येक फळ, वेलावरचं आणि खाली पडलेलं, रोज गोळा करा. उकिरड्यावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नका, तिथं माश्यांची पैदासच होते. काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा असं सगळे सांगतात, पण आपल्या पावसाळ्यात ऊन कुठलं? साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून झाकण लावा, चार-पाच दिवसांनी खोल पुरा. वेलाखालची माती अधूनमधून खुरप्यानं वरखाली करा, कोष उघडे पडले की मुंग्या आणि कोंबड्या ते संपवतात. फळ धरलंय असं दिसलं, फूल सुकलं, की लगेच त्यावर कागदाची किंवा जुन्या पातळ कापडाची पिशवी चढवा. एका मांडवाला हे सहज जमतं, एकराला जमत नाही.

सापळाही लावा, पण मागताना वेलवर्गीय भाजीचा, क्यू ल्यूर नावाच्या आमिषाचा मागा. आंब्या-पेरूचा मिथाइल युजेनॉलचा सापळा दिसायला तसाच असतो आणि दोडक्याची माशी त्याकडे फिरकत नाही. क्यू ल्यूरकडेही फक्त नर येतात, मादी नाही. म्हणून नुसता सापळा टांगून फळं गोळा करायची सोडली तर काही साधणार नाही.

राहिले मित्रकीटक, म्हणजे किडीवर जगणारे कीटक. 2008 च्या सुमारास पपईवरचा पिठ्या ढेकूण तामिळनाडूत दिसला आणि दक्षिणेत पसरला. पपई गेली, तुती गेली, लोकांनी फवारण्या करून बघितल्या, तो आटोक्यात येईना. 2010 साली बंगळूरच्या कीटक संशोधन संस्थेनं प्वेर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या आणून, वाढवून सोडल्या आणि तो आटोक्यात आला. आपल्याच राज्यातल्या संस्थेचं हे काम आहे. परड्यात तेवढं करावं लागत नाही, आहेत ते न मारलं तरी पुरे. घेवड्यावर मावा दिसला की त्यात काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या आकाराची अळी आहे का बघा. ती ढालकिड्याची पिल्लं. मावा खातात. लोक तीच आधी चिरडतात. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानंही पडतो, आणि त्याला राखणाऱ्या मुंग्यांची वाट बंद केली की निम्मं काम होतं.

पुढच्या वेळी टोमॅटो लावताना बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा वाण मिळतो का बघा. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकरचा करपा या तिन्ही रोगांना तो दाद देत नाही, आणि आपल्या ओल्या तांबड्या मातीत मर रोगच जास्त सतावतो.

मिरचीवर ते औषध मारून किती दिवस झाले ते आधी मोजा, आणि चाळीस भरले नसतील तर तोवर तिची फळं तोडून टाकून द्या, घरात नेऊ नका. दोडक्याचं वरचं सगळं आजपासून सुरू करा. मिरचीच्या शेंड्याचा फोटो पाठवताना पान उलटं करून, खालच्या बाजूचा घ्या. फोटोवरून कळलं नाही तर बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या रयत संपर्क केंद्रात फांदी पिशवीत घालून न्या. कन्नड येत नसलं तरी अडू नका, पान पुढं ठेवलं की तिथल्यांना कळतं.