झिओलाइटच्या गोणीत पाणी किती?

द्राक्षबागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एकरी 50 किलो झिओलाइट टाका. त्याची छिद्रं नॅनो आकाराची, त्यामुळे ते स्पंजासारखं पाणी धरतं, मुळांना लागेल तसं सोडतं आणि खतही वाहू देत नाही.’

आधी ‘धरतं’ बघू. झिओलाइट म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचं खनिज. शेतीसाठी विकतात तो बहुतेक त्याचा क्लिनॉप्टिलोलाइट हा प्रकार. त्यात वजनाच्या साधारण 15 टक्के पाणी मावतं, म्हणजे 50 किलोत 7.5 लिटर. एकरावरून 1 मिलिमीटर पाणी उडालं तरी ते 4,000 लिटर होतं!

खरी मेख ‘सोडतं’मध्ये आहे. मूळ साधारण 15 बार (हवेच्या दाबाच्या सुमारे 15 पट) ताणापर्यंत पाणी ओढू शकतं. 200 नॅनोमीटरहून बारीक छिद्रातलं पाणी त्याच्या हाती लागत नाही. झिओलाइटमधले बोगदे तर 1 नॅनोमीटरही रुंद नाहीत, आणि पाण्याचा रेणू 0.28चा. मोकळ्या पाण्यात रेणूच्या शेजारी पाणीच असतं. या दाटीत शेजारी पाणी कमी. भिंतीतला ऑक्सिजन आणि कॅल्शियम-सोडियमचे आयन जास्त, तेही सगळीकडून ओढणारे. स्पंज पिळता येतो, हे पिळता येत नाही.

पटत नसेल तर 100 ग्रॅम दाणे ओव्हनमध्ये 250 अंशांवर 3 तास तापवा, घट्ट झाकणाच्या बरणीत गार करा आणि वाटीत घेऊन 50 मिलि पाणी ओता. वाटी गरम लागेल. पाणी भिंतीला चिकटताना सुटलेली ती उष्णता. नुसते उन्हात वाळवलेले दाणे घेतलेत तर फारसं काही होणार नाही, कारण ते हवेतल्या दमटपणानेच भरलेले असतात. गोणीही तशीच भरलेली येते. 40 टक्के आर्द्रतेची हवा हजार बारहून जास्त ताणाने पाणी ओढते. तिलाही यातलं बहुतेक पाणी निघत नाही, तिथे 15 बारवालं मूळ काय काढणार? दाण्यांमधल्या फटींतलं पाणी मिळतं, पण तेवढं वाळूही देते.

खताचं अर्धं खरं. झिओलाइटचा सांगाडा ऋणभारित, म्हणून खतातला धनभारित अमोनियम आत टिकतो. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू 1 मायक्रॉनच्या आसपासचे, त्या भोकांत शिरूच शकत नाहीत. नायट्रेटही ऋणभारित, ते वाहून जातंच. युरियाही अमोनियम होईपर्यंत मोकळाच. शिवाय 50 किलोत फार तर 1 किलोभर नत्र मावेल, तेही जमिनीतल्या कॅल्शियमने जागा सोडली तर. काळ्या जमिनीत हे काम चिकणमाती फुकट करते. मुरमाड जमिनीत उपयोग होईल, पण मात्रा टनांत लागेल.

मेसेजच्या शेवटी नाशिकच्या पांडवलेणीकडच्या गारगोट्या झिओलाइट म्हणून कुटून टाकायचा सल्लाही आहे. त्यातला देखणा हिरवा ॲपोफिलाइट मुळात झिओलाइटच नव्हे.