शेक्सपिअरची बाकी

कुणीतरी गप्पांच्या ओघात ‘सिंबेलीन’चं नाव काढलं आणि मी “हो, सुरेखच आहे ते” म्हणून मान डोलावली. सिंबेलीन हे नाटक आहे की पित्ताची गोळी, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. रात्री ती मान झोपू देईना. म्हणून ३१ डिसेंबरला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की येत्या वर्षात शेक्सपिअरची सगळी नाटकं वाचणार. सगळी म्हणजे ३८.

नवरा ऑडिटर आहे. त्याने शुभेच्छांच्या आधी भागाकार केला. “साडेनऊ दिवसांत एक. बघ बाई.”

शहाण्या माणसाने ‘मॅकबेथ’पासून सुरुवात केली असती. छोटं आहे, चेटकिणी आहेत, खून लवकर होतो. मला मात्र लेखकाची वाढ बघायची होती, म्हणून लिहिली त्या क्रमाने वाचायची असं ठरवलं. वाढ बघायला गेले आणि पहिल्याच महिन्यात ‘सहावा हेन्री’ भेटला. तोही तीन भागांत.

या नाटकांत माणसं कमी आणि पदव्या जास्त. एका ग्लॉस्टरचा खून झाला तेव्हा मी मनापासून हळहळले. पुढच्या भागात ग्लॉस्टर पुन्हा हजर! हा वेगळा. त्याचं नाव रिचर्ड, त्याच्या बापाचं नावही रिचर्ड, आणि बापाला सगळे यॉर्क म्हणतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी वंशावळ काढायला घेतली. मेला की फुली मारायची. महिनाअखेर ते पान फुली-गोळ्याच्या खेळासारखं दिसायला लागलं. पुढे ‘तिसरा रिचर्ड’मध्ये राणी मार्गारेट आक्रोश करते, की माझा एक एडवर्ड होता, त्याला एका रिचर्डने मारलं, माझा एक हॅरी होता, त्यालाही एका रिचर्डनेच मारलं. तिचा शोक खरा असेल, पण माझी अडचण एवढ्या नेमक्या शब्दांत आजवर कुणी मांडली नव्हती.

त्यात माझी प्रत सटीप. पानाच्या माथ्यावर तीन ओळी कशाबशा तरंगतायत आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत टिपांचा समुद्र. एका शब्दासाठी खाली उतरायचं, तिथे तीन विद्वानांचं भांडण ऐकायचं आणि वर परत येईपर्यंत बोलत कोण होतं तेच विसरायचं. विनोद तर हमखास तळघरात. टीप सांगते, ‘इथे श्लेष आहे’. मग चष्मा पुसून, शांतपणे, चारशे वर्षं उशिरा मी हसते.

टिपांनी उपकारही केले म्हणा. ज्युलिएट वर उभी राहून “रोमिओ, तू कुठे आहेस?” असं विचारते, असा माझा जन्माचा समज. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे, ‘का’. तू रोमिओच का आहेस, दुसऱ्या कुठल्या घराण्यातला का नाहीस, असं तिचं रडगाणं आहे. तिच्या आवाजाची नक्कल करत कितीतरी वेळा मी तो रोमिओ पलंगाखाली शोधून दाखवला होता.

‘टायटस अँड्रॉनिकस’ जेवताना वाचू नये एवढंच सांगते. शेवटच्या अंकात एका आईला तिचीच दोन मुलं भाजून वाढतात. ‘विंटर्स टेल’मध्ये मात्र मी फिदा झाले ती एका रंगसूचनेवर. अँटिगोनस नावाचा भला गृहस्थ तान्ह्या बाळाला किनाऱ्यावर ठेवतो आणि जातो. कसा जातो? अस्वल मागे लागलेल्या अवस्थेत. पाच अंकांत कुणाच्याही जाण्याचं कारण मला इतकं पटलेलं नाही.

‘लिअर’ एका रात्रीत संपवलं. मेलेल्या मुलीला हातांवर घेऊन म्हातारा एकच शब्द पाच वेळा म्हणतो: कधीच नाही, कधीच नाही… मी सवयीने खाली टीप शोधली आणि मग शोधायची थांबले. त्या दिवशी वहीत बरोबरची खूण करायची राहिली. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी ती बरोबर पकडली.

डिसेंबरच्या मध्यावर वाचून झाली होती ३१. बाकी ७, दिवस १५. तेव्हा मला प्रस्तावनेत देव भेटला. शेक्सपिअरची नाटकं नक्की किती, यावर विद्वानांचंच एकमत नाही! १६२३च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील ग्रंथात, ३६ आहेत. ‘पेरिक्लिस’ त्यात नाही, ‘टू नोबल किन्समेन’ही नाही; दोन्हींत दुसऱ्यांचाही हात. ‘आठवा हेन्री’ फ्लेचर नावाच्या नाटककाराबरोबर लिहिलेलं, ‘टायमन’मध्ये मिडलटन या आणखी एका नाटककाराचा हात. मी रीतसर जाहीर केलं, की भागीदारीतला माल धरायचा नाही. चार नाटकं एका फटक्यात गेली. उरली तीन: ‘किंग जॉन’, ‘ट्रॉयलस’ आणि, अर्थातच, ‘सिंबेलीन’.

नवऱ्याने वही मागून घेतली. पेन्सिल कानावर.

“नियम दोन्ही बाजूंना लागतो,” तो म्हणाला. “टायटसचा पहिला अंक पील नावाच्या नाटककाराचा मानतात. आणि २०१६मध्ये ऑक्सफर्डवाल्यांनी सहाव्या हेन्रीच्या तिन्ही भागांवर सहलेखक म्हणून नाटककार मार्लोचं नाव छापलंय. मीही वाचतो जरा इकडंतिकडं. म्हणजे ही चार तुझ्या वाचलेल्यांतून वजा.”

“अरे, त्या हेन्रीने माझे तीन महिने खाल्लेत!”

“ते मार्लोच्या खात्यावर टाक.”

आता हिशेब ३०पैकी २७ असा आहे. ‘सिंबेलीन’ उशाशी आहे, खूण पान चारवर. ‘मॅकबेथ’मध्येही मिडलटनने नंतर भर घातली असं मानतात, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.