कायदा स्ट्रासबर्गमध्ये बदलत नाही

‘मानवाधिकार न्यायालयाने अमुक देशाचा कायदा रद्द केला’ अशी बातमी दिसली की डोकं फिरतं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाला तो अधिकारच नाही. हक्कभंग झाला की नाही हे ते ठरवतं, भरपाई देतं. कायदा बदलायचा तो त्या देशानेच. म्हणून निकालापेक्षा त्यानंतरची वर्षं बघा.

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्राव्हा शहराचं प्रकरण घ्या. १९९६ ते १९९९ दरम्यान रोमा या युरोपातल्या वंचित अल्पसंख्य समाजाच्या १८ मुलांना बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या ‘विशेष शाळां’त घातलं गेलं. नियम वरकरणी सगळ्यांना सारखाच: मानसशास्त्रीय चाचणी आणि पालकांची सही. मुलांच्या बाजूने हा भेदभाव असल्याची तक्रार झाली; देशातल्या घटनात्मक न्यायालयाने दाद दिली नाही. २००६ मध्ये स्ट्रासबर्गच्या सात न्यायाधीशांनीही ६ विरुद्ध १ असा नकारच दिला. १३ नोव्हेंबर २००७ ला त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने (तिथल्या सगळ्यात वरच्या पीठाने) १३ विरुद्ध ४ ने तो फिरवला.

फिरवला तो आकड्यांवर. शहरातल्या प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा २.२६ टक्के, विशेष शाळांत मात्र ५६ टक्के. सरकारने आकडेवारीवर हरकत घेतली. न्यायालय म्हणालं, आकडे तंतोतंत नसतील, पण कल स्पष्ट आहे; आता कारण तुम्ही द्या. भेदभावाचा हेतू सिद्ध करायची अट गेली, पुराव्याचा भार सरकारवर आला. आणि पालकांच्या सह्या? भेदभाव न होण्याचा हक्क सही करून सोडता येत नाही. माझ्या मते निकालातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

तोवर नव्या शिक्षण कायद्याने ‘विशेष शाळा’ कागदावरून पुसल्या होत्या. त्यांच्या झाल्या ‘व्यावहारिक’ शाळा. पाटी नवी, आत तोच कमी केलेला अभ्यासक्रम. तो वेगळा अभ्यासक्रम काढायला २०१६ उजाडलं.

उत्तर आयर्लंडमध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर १९८१ मध्ये याच न्यायालयाचा निकाल आला, १९८२ मध्ये दुरुस्ती झाली. तिथे गुन्ह्याची तरतूद काढली की काम झालं. बोस्नियात उलट. देशाच्या सामूहिक अध्यक्षमंडळाच्या तीन जागा बोस्नियाक (तिथले मुस्लिम), क्रोएट आणि सर्ब या तीन समाजांनाच. रोमा समाजाचे सेय्दिच आणि ज्यू समाजाचे फिन्सी यांना उभंही राहता येत नव्हतं. २२ डिसेंबर २००९ ला ते स्ट्रासबर्गमध्ये जिंकले. राज्यघटनेतली ती अट अजून तशीच, कारण दुरुस्तीला मतं द्यायची ती याच वाटणीवर निवडून येणाऱ्यांनी.

अंमलबजावणीवर युरोप परिषदेची (हे न्यायालय जिचं आहे ती संघटना; युरोपीय संघ वेगळा) मंत्रिसमिती लक्ष ठेवते. निकाल अंतिम झाल्यावर देशाने सहा महिन्यांत कृती-योजना किंवा अहवाल द्यायचा असतो. त्यात प्रशिक्षण, कार्यशाळा, नेमलेल्या समित्या यांची जंत्री येते. स्वयंसेवी संस्थांनाही मंत्रिसमितीला लेखी कळवता येतं, आणि ओस्त्राव्हासारख्या शाळांच्या प्रकरणात तिथे एकच गोष्ट धरून बसावी: किती मुलं प्रत्यक्षात सर्वसाधारण वर्गात गेली? ‘आम्ही वांशिक नोंद ठेवत नाही’ हे ठरलेलं उत्तर येईल. ओस्त्राव्हातही अर्जदारांना आकडे मिळाले ते मुख्याध्यापकांकडून प्रश्नावल्या भरून घेऊनच.