स्क्रोल सॉ थरथरतो म्हणून तो विकायला काढू नका

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मखरांची कामं निघतात आणि प्लायवर, एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर) नक्षी कापायला स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेड वरखाली होणारी करवत, दिवसभर चालतो. नेमक्या याच दिवसांत सुतारांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: स्क्रोल सॉ थरथरत असेल तर मशीनच हलक्या प्रतीचं, ते विकून जड घ्या, तोवर खाली जाड फोम घाला, ब्लेड जरा ढिलं ठेवा, स्पीड कायम कमी ठेवा, आर्मच्या, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्यांच्या, सांध्यांत ग्रीस ठासा, आणि दोष मोटरचा की ब्लेडचा हे कळायला ब्लेड काढून मशीन चालवून बघा. यातली एक गोष्ट अर्धवट खरी आहे. बाकीच्या नुकसान करतील. उसनवारी करून मशीन घेतलेल्या पोरांनी असलं वाचून ऐन हंगामात चांगलं मशीन मातीमोल विकू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘मशीनच हलकं’ हा मुद्दा. थोडी थरथर प्रत्येक स्क्रोल सॉला असतेच. ब्लेड साधारण 18 ते 20 मिलिमीटर वरखाली होतं. मिनिटाला 1600 फेऱ्या धरल्या, तर वर आणि खाली वळताना ब्लेडच्या क्लॅम्पवर येणारा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या 25 पटीच्या आसपास जातो. पॅरलल आर्मच्या मशीनमध्ये वरचा आणि खालचा आर्म एकाच वेळी वर जातात, एकाच वेळी खाली येतात, त्यामुळे सगळे हिसके स्टँडवर उतरतात. पॅरलल लिंकच्या मशीनमध्ये लांब भाग थोडेसे पुढेमागे सरकतात, वरखाली होतात ते पुढचे आखूड दुवे. ते शांत चालतं, हे कबूल. पण डगमगत्या स्टँडवर जड मशीनसुद्धा नाचतं, आणि तुमचं स्टँड डगमगतंय का हे मशीन बदलण्याआधी बघायला काय हरकत आहे?

आपल्याकडच्या बहुतेक शेडांत शहाबादी फरशी असते आणि ती क्वचितच एका पातळीत बसलेली असते. चारपैकी एक पाय अधांतरी राहतो. प्रत्येक पायाखाली कागदाचा तुकडा सरकवून बघा; जो सहज जाईल तो पाय टेकलेला नाही. पाचर मारून वेळ निघते, पण ती दोन दिवसांत निसटते. पायाला नट-बोल्टचा पाया लावून उंची जुळवलेली बरी. मग स्टँडचे सगळे बोल्ट थोडे सैल करा, मशीनवर वरून भार द्या, स्टँड जमिनीवर नीट बसू द्या आणि त्या अवस्थेतच बोल्ट आवळा. स्टँड जोडताना एकेक बोल्ट आधीच पूर्ण आवळला तर चौकट पिळलेली राहते, आणि पुढे कितीही पाना मारला तरी ती पीळ सोडत नाही. साध्या वॉशरऐवजी हादऱ्याने सैल न होणारे स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉक नट टाका. खालच्या फळीवर वाळूचं एखादं पोतं ठेवा. बाजारातून जड मशीन आणण्याआधी हे वजन फुकट मिळतं.

फोमचा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो ऐकून आधी बरं वाटतं. फोम घातल्यावर फरशीची धडधड थांबते, शेजारी तक्रार करत नाही, आणि सुताराला वाटतं काम झालं. पण थरथर गेलेली नसते, फक्त जमिनीपर्यंत पोचत नाही. मऊ फोमवर मशीन मोकळं झालं की ते वर अधिक डोलतं, आणि हात ज्या टेबलावर टेकलेला असतो तेच टेबल हलतं. नक्षीच्या बारीक वळणावर रेघ सुटते ती इथे. त्यात ठराविक स्पीडला फोमची उसळी आणि ब्लेडचे हिसके जुळले, तर हेलकावा वाढतच जातो. काही घालायचंच असेल तर पातळ, कडक रबराची पट्टी घाला आणि मशीन जाड, जड फळीला बोल्टने जखडा.

स्पीडचा सल्ला अर्धवट खरा. स्पीड निम्मा केला की हिसक्याचा जोर चौथाईवर येतो. पण ढिला बोल्ट ढिलाच राहतो, आणि कायम कमी स्पीडवर काम करून मखर वेळेत होत नाही. शिवाय प्रत्येक मशीन-स्टँडच्या जोडीला एखादा स्पीड वाईट असतो. त्याच्या खाली शांत, त्याच्या वरही शांत. टेबलाच्या मागच्या कोपऱ्यात, ब्लेडपासून लांब, एक नाणं कडेवर उभं करा आणि स्पीडची खुंटी सावकाश फिरवा. नाणं जिथे थरथरून पडेल तिथे खुंटीजवळ खडूची खूण करा. त्या खुणेवर काम करायचं नाही, एवढंच.

‘ब्लेड ढिलं ठेवा’ हे तर उलटंच सांगितलंय. ढिलं ब्लेड कापताना मागे वाकतं, वर येताना लाकडात अडकतं आणि अख्खा तुकडा उचलून टेबलावर आपटतं. लोक त्यालाच मशीनची थरथर म्हणतात. मशीन बंद ठेवून ब्लेडला बोटाने छेडा: भदभद आवाज म्हणजे ढिलं, स्वच्छ चढा आवाज म्हणजे ठीक. बोटाने बाजूला दाबलं तर फार तर तीनेक मिलिमीटर सरकावं. अति ताणलं तर तुटतं, आणि काम संपल्यावर ताण उतरवून ठेवावा. दात खाली बघतायत ना, हेही तपासा. उलटं बसवलेलं ब्लेड प्रत्येक फेरीला लाकूड वर फेकतं. पातळ प्लायला भरड दाताचं ब्लेड लावलं तरी हाच प्रकार. लाकडाच्या जाडीत किमान तीन दात बसले पाहिजेत.

ग्रीसबद्दल थोडक्यात. बऱ्याच मशीनच्या आर्मला तेल शोषणारे सच्छिद्र धातूचे बुश (सांध्यात बसणाऱ्या आखूड नळ्या) असतात. त्यांना पातळ मशीन ऑइल हवं. ग्रीस ठासलं की छिद्रं बुजतात आणि बुश कोरडा घासतो. बंद बेअरिंग असेल तर तिथे काहीच घालायचं नाही. प्लग काढून वरचा आर्म हाताने डावीउजवीकडे हलवा. खुळखुळ लागली तर बुश झिजलाय. तो बदलायचा, आणि तयार मिळाला नाही तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून मिळेल. सगळं मशीन बदलण्याचं ते कारण नव्हे.

राहिलं ब्लेड काढून मशीन चालवणं. पॅरलल आर्मच्या मशीनमध्ये दोन्ही आर्मना पुढून एकत्र धरणारा दुवा म्हणजे ते ब्लेडच. ते काढून मोटर चालू केली तर वरचा आर्म मोकळा आपटत सुटतो, त्यात सांधे खिळखिळे होतात, आणि जवळ हात असेल तर इजा होते. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनो, निदान ही एक ओळ त्यातून आजच काढा.