टर्बोचं बाळंतपण

आमच्या गाडीत तीनशे घोडे आहेत. नोव्हेंबर ते मार्च ते पागेत बांधलेले असतात आणि मी पहाटे उठून त्यांची लीद काढतो. लीद काढतो हे उगाच म्हणत नाही, पुढे सांगतोच.

गाडी घेतली जुलैमध्ये, तिथेच चुकलं. कॅनडात आमच्या एडमंटनला जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो. ते आठ-दहा आठवडे माणूस आपण कायमचेच सुखी झाल्यासारखा वागतो आणि त्या भरात काहीही विकत घेतो. कुणी बोट घेतं, कुणी अंगणात ठेवायला सहा बर्नरची शेगडी घेतं. मी सेकंडहँड टर्बो गाडी घेतली. निळी, जपानी, मॅन्युअल गिअरची आणि आधीच्या मालकानं मनापासून छेडलेली. टर्बोच्या मागचा धुराचा पाइप मनगटाहून जाड. पुढच्या जाळीमागे टर्बोनं तापवलेली हवा थंड करणारा, पाटाएवढा इंटरकूलर, त्याच्या शेजारी वेगळा ऑइल कूलर. आखूड स्प्रिंगा घालून गाडी दीड इंच खाली बसवलेली. आणि वजन कमी करायला म्हणून खेळण्यात शोभेल अशी बारकी बॅटरी. तिच्यामुळे आठ किलो वाचतात म्हणे. माझं स्वतःचं वजन ब्याण्णव आहे, पण त्या दिवशी ते आठ किलो मला फार मोलाचे वाटले. विकणारा पोरगा बाडबिस्तरा आवरून व्हँकुव्हरला चालला होता. पैसे मोजून झाले, किल्ली माझ्या हातात आली आणि मग तो म्हणाला, "हिवाळ्यात मी ही बाहेर काढायचोच नाही हं."

बायकोनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "आवाज असाच येतो, की दुरुस्त करायची राहिलीय?"

ऑक्टोबरात बर्फाचे टायर चढवायला आमच्या मेकॅनिककडे गेलो. हा पंजाबी, सगळे त्याला पाजी म्हणतात, मीही म्हणतो. पाजीनं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि बराच वेळ बोललाच नाही. डॉक्टर रिपोर्ट वाचताना गप्प झाला की पोटात जसा गोळा येतो, तसा आला. मग त्यानं मला समजावून सांगितलं. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरणारं चाक, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. आणि त्याचा दांडा टेकलेला असतो तो निव्वळ तेलाच्या पातळ थरावर. तेल थंडीनं श्रीखंड झालं असेल, तर ते तिथवर पोचेपर्यंत त्या दांड्यानं करायचं काय? "साहब," तो म्हणाला, "इंजन को पहले चाय पीने दो, फिर काम पे भेजो."

जुनं तेल काढून त्यानं झिरो-डब्ल्यू-फॉर्टी ओतलं. त्यातला डब्ल्यू विंटरचा, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी तो वेटचा, म्हणजे वजनाचा, समजत होतो आणि चारचौघांत तसं सांगतही होतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. शून्यवाल्याची परीक्षा उणे ३५ला घेतात, पाचवाल्याची उणे ३०ला. आमच्याकडे जानेवारीत दोघांचीही पुन्हा परीक्षा होते, इंजिनात.

एवढं होऊनही मी सुधारलो नव्हतो. डिसेंबरातली गोष्ट. बाहेर उणे २८, रस्ता कोरडा आणि मी ऑफिसमधून जरा वैतागून निघालेला. हेन्डे ड्राइव्ह या रिंग रोडवर चढताना म्हटलं, आज एकदा घोडे सोडू. पाय दाबला. बूस्टचा काटा, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबाचा, एरवी १८ला थांबतो, तो २२ ओलांडून गेला आणि एकदम गाडीनं श्वासच रोखला. मी पुढे फेकला गेलो. मागच्या ट्रकवाल्यानं जो हॉर्न दिला, तो अजून कानात आहे.

पाजीकडे गेल्यावर उलगडा झाला. थंड हवा दाट असते. उन्हाळ्यातल्या २० अंशांपेक्षा उणे ३०ची हवा साधारण वीस टक्के जास्त दाट, म्हणजे तेवढ्याच घासात तेवढा जास्त ऑक्सिजन. पंगतीला दोनशे पानं धरलेली आणि दारात चाळीस पाहुणे जास्तीचे उभे. पेट्रोल वाढणारे मात्र तेवढेच. वाढप कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, सिलिंडरमध्ये भलत्या वेळी भडका उडतो आणि पिस्टनची वाट लागते. त्यात आमचा तो मनगटाहून जाड पाइप. जास्तीचा धूर टर्बोला चुकवून जाऊ देणारी जी छोटी झडप असते, ती त्या लोंढ्यापुढे अपुरी पडते, टर्बो आणखी पेटतो. ते सगळं बघून गाडीच्या कॉम्प्युटरनं पेट्रोलच बंद केलं होतं. त्या गाडीत शहाणं असं तेवढं एकच कुणीतरी होतं.

उपाय म्हणजे हिवाळ्याचं वेगळं ट्यूनिंग, कमी बूस्टचं. म्हणजे आधीच्या मालकानं पैसे देऊन ताकद वाढवली, ती मी पैसे देऊन विकत घेतली आणि आता पैसे देऊन कमी करून घेतली. बायकोला मी फक्त "सर्व्हिसिंग झालं" असं सांगितलं.

आता लीद. इंजिनच्या पोटातली वाफ आणि तेलाचा धूर गोळा करायला या गाडीला बॉनेटखाली एक डबा लावलाय, कॅच कॅन. उन्हाळ्यात त्यात चमचाभर काळं तेल साठतं आणि आपण काहीतरी शास्त्रीय करतोय असं वाटतं. हिवाळ्यात त्यात काय साठतं ते बघायला छाती लागते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे वाफ होऊन जातं, पण थोडं पिस्टनच्या कडेनं खाली इंजिनच्या पोटात उतरतं. लांब पल्ला मारला तर तेल तापून ते उडून जातं. मी जातो ऑफिसला, अकरा मिनिटं. मग ते पाणी आणि तेल एकजीव होऊन पिवळट, करडा, ताकात कॉफी ढवळल्यासारखा लगदा होतो. तेलाच्या झाकणाखाली तोच, डब्यात तोच. दर दोन दिवसांनी डबा काढून ओतायचा. नाही ओतला तर गोठतो, नळी तुंबते, आत दाब साठतो आणि मग डिपस्टिक बुचासारखी उडते किंवा एखादं सील फाटून तेल रस्त्यावर. एकदा मला तीन दिवस झाले. डबा उलटा करून आपटल्यावर आतून अख्खी, बाजूनं रेघा उमटलेली मटका कुल्फी बाहेर पडली. मुलगी खिडकीतून ओरडली, "बाबा, मला!"

आई सांगलीहून नोव्हेंबरात आली होती, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. ते का स्वस्त होतं, हे तिला विमानतळाबाहेर पडल्यावर कळलं. तिच्या लेखी थंडी म्हणजे महाबळेश्वर, वेण्णा लेकवर दव गोठलं की पेपरात फोटो येतो ती. इथे तिला सगळ्यात नवल वाटलं ते गाड्यांच्या तोंडातून लोंबणाऱ्या विजेच्या पिनांचं. ते ब्लॉक हीटर. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थानं असल्या हीटरचं पेटंट १९४९ साली घेतलं, त्या पुण्यवानाच्या जिवावर आम्ही वसंतापर्यंत पोचतो. इंजिनात चारशे वॉटचा हीटर, घराच्या भिंतीवर प्लग, निघायच्या तीन तास आधी चालू करायचा.

"म्हणजे बाजेखालची शेगडी," आई म्हणाली.

मी हसलो. पण नंतर विचार केला तर हिला एका वाक्यात सगळं कळलं होतं. शेक द्यायचा, गरम तेल द्यायचं, वाऱ्याला काढायचं नाही, एकदम उठू द्यायचं नाही, जड कामाला लावायचं नाही. फक्त इथे सव्वा महिन्यावर भागत नाही, पाच महिने लागतात. वाऱ्याचं म्हणाल तर ऑइल कूलर उन्हाळ्यात तेल थंड करायला असतो, हिवाळ्यात तो तेल तापूच देत नाही. म्हणून मी त्याच्यापुढे पुठ्ठा लावलाय. घरात एकच जाड पुठ्ठा होता, मे महिन्यात आणलेल्या आंब्यांच्या खोक्याचा. त्यामुळे आमच्या त्या भयंकर गाडीच्या दातांमधून 'रत्नागिरी हापूस' अशी अक्षरं दिसतात. ट्रॅफिक सिग्नलला एक मराठी माणूस काच खाली करून विचारून गेला, कितीला पेटी?

मग आली १३ जानेवारी २०२४. शनिवार. पारा उणे चाळीसच्या आसपास, जिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचंही एकमत होतं. दुसऱ्या दिवशी भोगी. आईनं यादी काढली: वांगी, गाजर, पावटे, ओला हरभरा मिळाला तर, आणि तीळ संपलेत. बाजरीचं पीठ तिनं सांगलीहून आणलं होतं, बॅगेत माझ्यासाठी दुसरं काही नव्हतं. बायको आपली गाडी घेऊन कामावर गेलेली. मिल वुड्समधलं देशी दुकान सहा किलोमीटर. मी बूट घालत होतो, संध्याकाळी पावणेसातचा सुमार असेल, आणि घरातले सगळे फोन एकदम किंचाळले.

"भूकंप झाला का रे?" आई म्हणाली. कोयनेच्या पट्ट्यातल्या माणसाचा पहिला संशय तोच.

भूकंप नव्हता. आमच्या प्रांताच्या, अल्बर्टाच्या, सरकारचा इशारा होता. थंडीमुळे वीज अपुरी पडतेय, फक्त अत्यावश्यक गोष्टींनाच वापरा. पाठोपाठ सूचना: कपडे धुणं पुढे ढकला, इलेक्ट्रिक गाड्या आत्ता चार्ज करू नका, ब्लॉक हीटर आत्ता लावू नका. आईला मी ते वाचून दाखवलं, हे माझं चुकलं. मी "आपल्या एकट्याच्या चारशे वॉटनं काय..." एवढं म्हणेपर्यंत तिनं शालीवर माझं जाकीट चढवलं, बाहेर जाऊन प्लग उपटला आणि आत येऊन स्वयंपाकघरातला दिवाही घालवला. सरकारनं सांगितलंय म्हटल्यावर विषय संपला. काही मिनिटांत प्रांतातली विजेची मागणी दोनशे मेगावॉटनं उतरली असं बातम्यांत नंतर आलं. त्यातले चारशे वॉट आमचे.

म्हणजे आता निघायचं तर लगेच, इंजिन कोमट आहे तोवर. सेल मारला, बारक्या बॅटरीनं कण्हून का होईना उचलून धरलं. क्लच पाय रोवल्याशिवाय दबेना, दुसरा गिअर पडेना, सीट म्हणजे दगडी बाक. टायर एका जागी उभं राहून तळाशी चपटे झालेले, इथले लोक त्याला चौकोनी चाकं म्हणतात. पहिला किलोमीटरभर बैलगाडीत बसल्यासारखं धडाक, धडाक. गाडी दीड इंच खाली असल्यामुळे गल्लीतला बर्फ मी पोटानं घासत, लोकांसाठी साफ करत निघालो.

पाण्याचा काटा दुकान येता येता मध्यावर आला. हा काटा लबाड. तो मध्यावर आला की इंजिन तापलं असं आपल्याला वाटतं, पण तेल खूप मागे असतं. माझ्या तेलाच्या मीटरवर तेव्हा ४१ होते. ८० झाल्याशिवाय टर्बोला हात लावायचा नाही हा पाजीचा दंडक.

वांगी होती, पावटे गोठवलेले. पंचवीस मिनिटांत गाडीपाशी परतलो. तेवढ्यात गाडीनं पुन्हा अंग चोरलं होतं. पहिल्या सेलला नुसतं टक. दुसऱ्याला मी देवाचं नाव घेतलं, तिसऱ्याला ती उठली. सिग्नलला शेजारी एक पिकअप येऊन उभी राहिली. आत विशीतला पोरगा. त्यानं माझा इंटरकूलर पाहिला, जाड पाइपचा आवाज ऐकला, माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि अ‍ॅक्सिलरेटर दोनदा फुरफुरवला. या क्षणासाठी तर माणूस असली गाडी घेतो. मी मीटर पाहिला. ५८. मी त्याला हातानं, पंगतीत आग्रह नाकारतात तसं, नको नको केलं. हिरवा दिवा लागला. तो गेला. त्याच्यामागून एक गंजकी मिनीव्हॅन गेली, तीत मागे चार मुलं बसली होती आणि चौघांनी मला हात केले.

घरी आलो तर प्लग लावायची बंदी अजून उठलेली नव्हती. आई दारातच उभी होती, सांगलीहून आणलेली गोधडी घेऊन. माझ्या आजीच्या लुगड्यांची, तिच्या हातच्या टाक्यांची. मी काही बोलायच्या आत तिनं ती गरम बॉनेटवर पांघरली, दोन्ही कडा आरशांखाली नीट खोचल्या. रात्री नऊच्या आत संकट टळल्याचं जाहीर झालं, मी प्लग लावून टायमर पहाटे पाचचा केला. गोधडीचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

रविवारी गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली. गोधडी मात्र निघेना. बॉनेटवरचा बर्फ आधी वितळून तिच्यात मुरला होता आणि मग गोठला होता. दोघांनी मिळून सोडवली तेव्हा ती बॉनेटच्या आकारात, मधोमध हवेच्या पन्हाळीसकट, पत्र्यासारखी ताठ होती. आईनं ती दारासारखी उभी धरून आडवी-तिरपी करत घरात आणली आणि हीटरच्या झरोक्याजवळ भिंतीला टेकवून ठेवली. आम्ही भाकरीवर लोणी घालून भोगीची भाजी खात होतो, तेव्हा ती कमरेत वाकली आणि हळूच खाली बसली.