फोटो काढू नका म्हणे!

मुंबईत ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींकडे नुसता मोबाइल वर धरला, की कुठून तरी शिट्टी वाजतेच. ‘ओ मॅडम, फोटो नाय काढायचा. सोसायटीची परमिशन हाय का?’

अहो काका, मी रस्त्यावर उभी आहे! कुणाच्या घरात डोकावत नाहीये. बाल्कनीचा गोलाकार कोपरा आणि खिडक्यांवरचे ते भुवयांसारखे पातळ छज्जे बघतेय. २०१८ मध्ये युनेस्कोने हा अख्खा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत घातला, तो काय खाली मान घालून चालायला?

बरं, वॉचमनची नजर चुकवली तरी फ्रेममध्ये येतं काय? एसीचे डबे, काळ्या केबलींचं जंजाळ आणि ‘भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. गॉगल लावलेले भाऊ नेमके १९३०च्या दशकातल्या इमारतीच्या नावावरच हात जोडून उभे. खाली शुभेच्छुकांची रांग, पासपोर्ट साइझमध्ये.

आणि आमचा फॅमिली ग्रुप! मावसभाऊ बार्सिलोनाला गेला, तर तिथल्या सग्रादा फमिलिया चर्चचे ढीगभर फोटो आणि सगळ्यांचं ‘वॉव’. मान्य, वास्तुकार गौदीचं काम अफाटच. १८८२ पासून बांधतायत. पण हाच पठ्ठ्या वर्षानुवर्षं सीएसएमटीहून लोकल पकडायचा. वास्तुकार स्टीव्हन्सच्या त्या इमारतीवर दगडात कोरलेला, पिसारा फुलवलेला मोर त्याला कधी दिसला नाही. परवा मीच त्या मोराचा फोटो ग्रुपवर टाकला.

‘मस्त गं! लंडन का?’